मेहरुन्निसाचा कच्चा आवाज

मेहरुन्निसाला जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी सातपूरमध्ये ती रोज गाद्या विकत होती. सकाळी धोंडीरामची रिक्षा कामगारांच्या वसाहतीत शिरायची, टपावरचा भोंगा खरखरायचा आणि तिचा आवाज गल्लीभर घुमायचा, ‘चला चला, जुनी गादी द्या, नवी गादी घेऊन जा!’ बायका गॅलरीत येऊन भाव विचारायच्या. हारुन मात्र मेथीची जुडी हातात धरून भाजीच्या गाडीपाशी तसाच खिळून राहायचा. आपली बायको पुढच्या गल्लीत वळेपर्यंत त्याचं पाऊल उचलायचं नाही.

आता हा उद्योग त्याचा स्वतःचाच होता, म्हणजे तक्रार कुणाकडे करणार? रिक्षांवर वाजणाऱ्या जाहिराती रेकॉर्ड करून देणं हा हारुनचा धंदा. आवाज बायकोचा, बाकीची सगळी कारागिरी त्याची. मेहरुन्निसाचं मराठी इतकं ठसठशीत होतं, की गिऱ्हाइकं तिला शाळेतली बाई समजायची. ती गेल्यावरही माणसं यायची आणि म्हणायची, ‘त्याच बाईंचा आवाज पाहिजे.’ मग हारुन जुन्या जाहिरातींतून तिचे शब्द वेचायचा, ‘आपल्या’ इथून, ‘सेवेत’ तिथून, आणि नवीन जाहिरात जुळवून द्यायचा. जी दुकानं तिच्या मागे उघडली, त्यांचं उद्घाटनही तीच सांगत होती. लोकांना यात काही वावगं वाटायचं नाही. लोकांना ठाऊकच नव्हतं.

या धंद्याची एक रीत आहे. श्वास कापायचे. रिक्षा गल्लीच्या या टोकाकडून त्या टोकाला जाईपर्यंत जाहिरात संपली पाहिजे, नाहीतर फोन नंबर ऐकू येण्याआधीच रिक्षा वळते आणि दुकानदार पैसे द्यायला कुरकुरतो. म्हणून बोलणाऱ्याने घेतलेला एकेक श्वास कॉम्प्युटरवर हुडकायचा, कापायचा आणि शब्दाला शब्द चिकटवायचा. हारुनचा हात यात भलताच बसलेला. अशी तयार झालेली ती पक्की जाहिरात. ती पेनड्राइव्हवर भरली जायची आणि गावभर हिंडायची. कच्चं रेकॉर्डिंग, ज्यात श्वास, खोकला, चुका सगळं असायचं, ते दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या हार्डडिस्कवर पडून राहायचं. त्याची दुसरी कॉपी नव्हती. भाजी निवडल्यावर देठं कोण जपून ठेवतो?

मेहरुन्निसा गेली आणि पक्क्या आवाजाची हारुनला भीती वाटायला लागली. त्यात ती श्वासच घेत नव्हती. वर्षानुवर्षं ऐकलेली तीच जाहिरात, पण आता ऐकताना अंगावर काटा यायचा. कच्च्यात मात्र ती जिवंत होती. ओढणी सावरायची, घोटभर पाणी प्यायची, ‘आयतचे अब्बा, पंखा बंद करा, आवाज येतोय’ म्हणून ओरडायची, आणि मग छाती भरून श्वास घेऊन सुरू करायची. रोज सकाळी शटर अर्धवट वर करून हारुन एक कच्ची फाइल ऐकायचा. त्याशिवाय त्याचा दिवस उगवत नसे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी हार्डडिस्क आवाज करायला लागली. कट्, कट्, मग जरा शांत, मग पुन्हा कट्. हारुनची मुलगी आयत अंबडच्या एका कंपनीत इंजिनिअर होती. रविवारी डबा घेऊन आली आणि तिने तो आवाज दारातच ओळखला.

“अब्बा, ही डिस्क मरायला टेकलीय. आजच्या आज नवी डिस्क घ्या, एसएसडी. मी सगळं त्यात उतरवून देते.”

दोघं लखनच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. लखनने भाव सांगितला तेव्हा हारुनला वाटलं, पोरगा मस्करी करतोय. कच्चं रेकॉर्डिंग होतं वर्षानुवर्षांचं, त्याला मोठी एसएसडी लागणार, आणि मोठीचा भाव गेल्या दिवाळीच्या दुपटीच्या वर गेलेला.

“काका, एआयवाल्यांनी जगभरातला माल उचललाय,” लखन म्हणाला. “अजून चढेल की उतरेल, मी नाही सांगू शकत.”

“उतरेल,” हारुन म्हणाला.

हे त्याच्यातलं लासलगाव बोललं. त्याचा बाप तिथल्या कांद्याच्या बाजारात तोलारी होता. हारुनचं लहानपण लिलावाच्या आवारात, ट्रॅक्टरांच्या रांगांत गेलेलं. चढलेला भाव पाहिला की हात मागे घ्यायचा आणि आवक वाढायची वाट पाहायची, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. चढ्या भावात घेतो तो अडाणी, असं त्याचा बाप म्हणायचा आणि हारुनने ते कधी तपासून पाहिलं नव्हतं.

“अब्बा, हा कांदा नाहीये,” आयत रस्त्यात चिडली. “आणि कांदासुद्धा चाळीत सडायला लागला की वास येतो. हिचा वासही येणार नाही. थांबायचं असेल तर थांबा, पण मग कॉम्प्युटरची वायर काढून ठेवा. भाव उतरेपर्यंत अम्मीला ऐकायचं नाही. जितकी चालवाल तितकी ती झिजणार. थांबायचं पण आणि ऐकायचं पण, असं दोन्ही नाही चालणार.”

“बरं,” हारुन म्हणाला.

आणि त्याने दोन्ही केलं. आपण सगळे असेच असतो, त्याला एकट्याला काय बोल लावायचा. त्याने रीतसर वायर काढून ठेवली, सकाळी पुन्हा लावली. एकच फाइल, छोटीशी. मग आणखी एक. अधूनमधून लखनला फोन करायचा, लखन भाव सांगायचा, भाव वाढलेलाच असायचा, आणि हारुन म्हणायचा, “आता किती चढणार? उतरेल.” एकदा आयतने फोनवर विचारलं, “बंद आहे ना?” तो “हो” म्हणाला. तेव्हा मागे तिच्या अम्मीचं खाकरणं चालू होतं. त्याने घाईघाईने फोनवर हात ठेवला.

डिस्कचा कट् कट् आता मेहरुन्निसाच्या बोलण्यात मिसळला. ती शब्द उच्चारायची आणि मध्येच कट् व्हायचं, जणू बोलता बोलता बोटं मोडतेय. तिला ती सवय होतीच. हारुनला ते बरं वाटायचं. मग शब्द अडकायला लागले. एका सकाळी ती म्हणाली, ‘पंखा बंद करा.’ पुन्हा म्हणाली, ‘पंखा बंद करा.’ तिसऱ्यांदा म्हणाली तसा हारुन गडबडीने उठला, बटणाशी गेला आणि हात वर करून तिथेच थांबला. पंखा बंदच होता. बंद दुकानात तो घामाने निथळत उभा होता आणि मागून ती म्हणत होती, ‘बंद करा, बंद करा, बंद करा.’

त्याने वायरच ओढली. त्याने लखनला फोन लावला. “जो असेल तो भाव, एक काढून ठेव.” मग आयतला लावला. ती जेवणाच्या सुट्टीत लखनकडून एसएसडी घेऊन येणार होती. “अब्बा, तोपर्यंत हात लावू नका. एकदाच चालू करायची, ती कॉपीसाठी. कसम घ्या,” ती म्हणाली. त्याने घेतली.

पण ऊन चढेपर्यंत त्याच्या मनात नको ते यायला लागलं. नव्या डब्यात ती येईल, ठीक आहे. पण त्यात म्हणे काही फिरत नाही, गरगरत नाही, आवाज म्हणून नाही. ही जुनी डिस्क फिरायला लागली की आधी एक बारीक घरघर व्हायची आणि मग ती बोलायची. त्या घरघरीची इतकी सवय झालेली, की तीही तिचीच वाटायची. ती एकदा ऐकावी. शेवटची. कसमेचं ओझं होतं, पण दुपार अजून लांब होती. त्याने वायर लावली.

घरघर झाली. ओढणीची सळसळ झाली. पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मेहरुन्निसाने श्वास घेतला, लांब, भरून, मोठी जाहिरात एका दमात म्हणायची असली की घ्यायची तसा.

आणि काहीच आलं नाही.

आयत आली तेव्हा तो तसाच बसलेला होता. स्पीकर चालू होता, पडदा काळा होता, डिस्क गप्प होती. तिच्या हातातलं खोकं बघूनही तो उठला नाही.

“अब्बा?”

“थांब जरा,” तो हळू म्हणाला. “श्वास घेतलाय तिने. आता बोलेल.”

आयतने वायर काढली, परत लावली. खोकं टेबलावर ठेवलं आणि खाली बसून मोठ्याने रडली. तिला अम्मी जाताना इतकं रडू आलं नव्हतं. हारुनने तिच्या डोक्यावर हात ठेवला. भाव उतरेल म्हणाला होता तो.

बिघडलेल्या डिस्कमधलं काढून देणाऱ्या पुण्याच्या एका माणसाने ती उघडून पाहिली आणि आतल्या चकत्या पार खरवडल्यात, काही निघणार नाही, असं सांगितलं. आता जगात मेहरुन्निसा होती ती रिक्षावाल्यांच्या पेनड्राइव्हवर, पक्की, बिनश्वासाची. आयतने सगळ्यांकडून ते गोळा करून नव्या एसएसडीत भरलं. एवढी मोठी, एवढी महाग आणली, आणि तिचा कोपराही भरला नाही.

मग हारुन त्या जाहिराती घेऊन बसला. ‘चला चला, जुनी गादी द्या’, इथे ती थांबायची. त्याला पाठ होतं, कापणारा तोच होता. ओठांतल्या ओठांत वाक्य म्हणून बघायचा, आपला दम कुठे संपतो ते बघायचा, तिचा त्याच्याआधी संपायचा हे आठवायचा, आणि त्या ठिकाणी शब्द एकमेकांपासून सोडवून जागा करायचा. श्वास काही त्याला परत आणता येत नव्हता. नुसती जागा. एकेक करत त्याने सगळ्या जाहिराती उसवल्या.

नवीन पेनड्राइव्ह घेऊन गेलेला धोंडीराम दुसऱ्याच दिवशी रिक्षा दुकानासमोर लावून ओरडत आला.

“हारुनभाई, ह्यात कायतरी लोच्या हाय! बाई मदीच गप होती. गल्ली सरती तरी नंबर येत नाय. दुकानदार माझ्यावर खेकसतोय. नीट करून द्या.”

“नीटच आहे ते,” हारुन म्हणाला.

“आवं, मदी मदी बंद पडतंय!”

“बंद नाही पडत, धोंडीराम. दम घेतेय ती. तू रिक्षा जरा हळू चालव.”