तीन सिद्धाप्पा

दिपाली सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकवायची आणि आपल्या शिकवण्याचा तिला थोडा अभिमान होता. थोडा म्हणजे, घरच्यांच्या मते, बराच. सेकंड इयरच्या पोरांना सिरियलायझेशन समजावताना ती हमखास आजोबांच्या मेंढरांवर यायची. "मेमरीतले ऑब्जेक्ट म्हणजे माळावर पसरलेला कळप. फाइलमध्ये जायचं तर तो असा पसरून जाऊ शकत नाही. अरुंद वाटेनं एकामागं एक मेंढरू जायचं. हा झाला बाइटचा प्रवाह. पलीकडं पोचलं की पुन्हा कळप, जसाच्या तसा." पोरं माना डोलवायची, आणि परीक्षेत निम्मी पोरं नुसती मेंढरं काढून ठेवायची.

तर या दिपालीच्या आजोबांच्या, म्हणजे सिद्धाप्पांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. मोहोळजवळच्या गावातून म्हातारा-म्हातारीला आणायचं आणि होटगी रोडवरच्या मंगल कार्यालयात जेवण ठेवायचं ठरलं. दिपालीनं लगेच जाहीर केलं, की मोठ्या पडद्यावर सगळ्या घराची वंशावळ मी दाखवणार. फोटोंसकट, आणि तीही माझ्या स्वतःच्या प्रोग्रॅममधून.

अडचण एवढीच होती, की तिचे वडील जोतिराम आणि थोरले काका बिभीषण यांच्यात बोलणं बंद होतं. बोअरच्या पाण्याच्या पाळीवरून सुरू झालेलं भांडण. पुढं पाऊस चांगला झाला, बोअरला पाणी आलं, पाळीचं कुणाला काही राहिलं नाही. अबोला मात्र राहिला. काकांनी फोनवरच सांगून टाकलं, "माझ्या घरची माहिती त्याच्या माहितीत कालवायची न्हाय. आमचं येगळं ठेव."

"मग आपलंही वेगळंच," वडील म्हणाले.

शिवबाई आत्याला हे कळलं तेव्हा तिचा फोन आला. "आन मी काय रस्त्यावर पडलीय व्हय? मलाबी येगळं पायजे."

मग दिपालीनं आजोबा-आजी आधीच भरून ठेवलेला छोटा प्रोग्रॅम तिन्ही घरांना पाठवला. ज्यानं त्यानं आपली पोरंबाळं, नातवंडं, सगळ्यांचे फोटो आणि आजोबांचा आपल्याकडचा एक फोटो त्यात घातला आणि फाइल परत पाठवली. तिनं एकेक फाइल उघडून बघितली. उत्तम. तिन्ही एकत्र चालवून बघायला मात्र तिला वेळ झाला नाही. आधी चालवून बघा, मग दाखवा, असं ती वर्गात दर आठवड्याला ओरडायची, ते पोरांसाठी होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी पाहुणे बसले. सिद्धाप्पा नवा फेटा बांधून समोरच्या खुर्चीत, शेजारी अंबुबाई. बिभीषणकाका हॉलच्या एका टोकाला, जोतिराम दुसऱ्या टोकाला. दिपालीनं माइक हातात घेऊन छोटंसं भाषण केलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर तीन सिद्धाप्पा आले. एक फेट्यातला, एक आधार कार्डावरचा घाबरलेला, एक जत्रेतला, हातात कलिंगडाची फोड. प्रत्येकाशेजारी एकेक अंबुबाई. आणि प्रत्येक जोडप्याखाली एकच मूल.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "सिद्धाप्पा, दोन संसार कुटं लपवले होते रं?"

हॉल असा हसला, की आचारी बघायला बाहेर आले.

"प्रत्येकाला एकच लेकरू!" दुसऱ्यानं भर घातली. "सरकारचं लईच मनावर घेतलं की."

दिपालीचे कान तापले. चूक तिला पडद्याकडं बघताक्षणीच कळली होती, आणि तेच जास्त झोंबत होतं. प्रत्येक फाइल वाचताना प्रोग्रॅमनं त्यातला सिद्धाप्पा नव्यानं उभा केला होता. एका फाइलमधला आजोबा आणि दुसरीतला आजोबा हा एकच माणूस, हे माणसांना कळतं. यंत्राला ते तिनं सांगायला हवं होतं, आणि सांगितलं नव्हतं.

"आज्जी, माफ कर, पाच मिनिटं दे," ती अंबुबाईजवळ वाकून म्हणाली.

"ऱ्हाऊ दे की गं." अंबुबाई पदर तोंडाला लावून हसत होती. "तीन हायत ते बरं हाय. एकीनं भाकरी थापावी, एकीनं मेंढरामागं जावं. मी बसते हितं."

सिद्धाप्पा मात्र हसले नाहीत. पडद्याकडं बराच वेळ बघून ते मोठ्यानं म्हणाले, "झ्याक झालं. आता दोघास्नी दोन बाप. भांडायचं कारणच न्हाय." आणि फेटा सारखा करत बसले. हॉलच्या दोन टोकांना दोन माणसं आपापल्या चपलांकडं बघू लागली.

दिपाली लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसली. काम तसं सोपं होतं. प्रत्येक माणसाला एक कायमची ओळख द्यायची. फाइल वाचताना त्या ओळखीचा माणूस आधीच उभा असेल तर नवा घडवायचा नाही, त्यालाच जोडायचं. तिनं लिहिलं, चालवलं, आणि ती थांबली. एका सिद्धाप्पाला तीन फोटो होते.

"पप्पा," तिनं हाक मारली, "आबांचा कुठला फोटो ठेवू?"

"आधार कार्डाचा. सरकारी हाय."

"त्यात आबा चोरावानी दिसत्यात!" हॉलच्या त्या टोकाहून आवाज आला. बिभीषणकाका उठून येत होते. "फेट्यातला ठेव, दिपे."

"फेटा तुझा हाय त्यो," जोतिराम म्हणाले. दिपालीकडं बघून नव्हे, सरळ भावाकडं बघून. "तुझ्या लग्नात आबांनी मागून घातलेला. आबांचा कसा?"

"फेटा कुणाचा का आसंना, डोकं आबांचं हाय न्हवं?"

"कलिंगडाचा ठेवा," शिवबाई आत्या मध्ये घुसली, "त्यात ते हसत्यात तरी."

तिघंही लॅपटॉपवर वाकून भांडायला लागले. दिपालीनं हळूच खुर्ची सोडली. बुंदी वाढायची वेळ झाली तरी भांडण संपेना, म्हणून ते पंगतीत गेलं. आणि भांडायचं तर जवळ बसावं लागतं, म्हणून दोघं भाऊ शेजारी शेजारी बसले. तावातावात काकांनी जोतिरामांच्या पानातली शेंगाचटणी खाल्ली, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

जेवणानंतर पडद्यावर पुन्हा वंशावळ आली. एक सिद्धाप्पा, एक अंबुबाई, खाली तिन्ही लेकरं. आजोबांच्या फोटोची जागा तिनं रिकामी सोडली होती. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बिभीषणकाका आणि जोतिराम हात धुताना अजून फेट्यावरच होते.

पुढच्या आठवड्यात दोघा भावांनी मिळून म्हाताऱ्यांना मोहोळच्या स्टुडिओत नेलं. फोटोवाल्यानं हसा म्हटल्यावर सिद्धाप्पा ताठ झाले, आणि त्यांचं तोंड बघून अंबुबाईला इतकं हसू आलं की तिची कवळी निसटली. तोच फोटो दिपालीनं जोडला.