संजूची सोबत

लेकीला एकटीनं कॉलेजात पाठवायचं नाही, असं डोणगावात कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण पाळतात सगळे. संजीवनीला बीएस्सीला मेहकरला जायचं होतं आणि गावातली दुसरी एकही मुलगी त्या वर्षी सायन्सला नव्हती. तिचे वडील रामराव म्हणाले, "सोबत पाह्य अन् जाय." त्यांचं बियाण्याचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता. लोक काय म्हणतील, एवढं एकच त्याला आधी ऐकू यायचं.

"मी जातो तिच्यासंग," सुवर्णा म्हणाली. ही संजीवनीची, म्हणजे संजूची आई. बारावी सायन्स झाल्या झाल्या तिचं लग्न लावून दिलं होतं. रोज कॉलेजच्या गेटबाहेर बसून शेंगा सोलण्यापेक्षा तिनंही प्रवेश घेऊन टाकला. माय-लेकी एका वर्गात, आता बापच राह्यला, असं म्हणून गाव पोटभर हसलं.

पहिल्या सत्राला डिफरन्शियल कॅल्क्युलस होतं. देवानंद सरांनी फळ्यावर एक वळणदार रेषा काढली आणि म्हणाले, एखादी गोष्ट एकूण किती बदलली ते सोडा, या घडीला किती वेगानं बदलतेय ते सांगा. सगळा वर्ग मान डोलवत होता, म्हणजे कुणालाच काही कळलं नव्हतं.

"दुधासारखं का सर?" सुवर्णानं विचारलं. "किती वर आलं ते पाहत बसलं तर उतू जाते. कसं चढून राह्यलं ते पाहून गॅस बंद करा लागते."

"हाव ताई," सर खूश होऊन म्हणाले. "यालेच डेरिव्हेटिव्ह म्हणतात."

त्या दिवशी बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून एकटीच हसत होती. सासरी आल्यापासून भाजीत मीठ बरोबर आहे एवढंच तिला कुणी सांगितलं होतं. आता रोटी करताकरताही तिच्या तोंडी लिमिट असायची. संजूच्या डोक्यात मात्र ते काही केल्या शिरेना, आणि आई समजवायला बसली की पोरगी आणखीच मिटून जायची.

एकदा सरांनी संजूला फळ्यावर बोलावलं. एक्स स्क्वेअर आणि साइन एक्स यांच्या गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह काढायचं होतं. तिनं दोन्हींची वेगवेगळी काढली आणि गुणून मोकळी झाली. पहिल्या वर्षाला निम्मा वर्ग हेच करतो. पण सुवर्णा बाकावरून उठली, फळ्यापाशी गेली आणि लेकीच्या हातून लाटणं घ्यावं तसा खडू घेतला.

"तसं नाही व बाई! एकाले तसंच ठेव, दुसऱ्याचं काढ. मंग उलट कर अन् दोन्ही मिळव."

घरी असती तर संजू "बरं" म्हणाली असती. इथं मागच्या बाकावरून कुणीतरी शिट्टी मारली आणि सगळा वर्ग खदखदून हसला. खडू आईच्याच हातात ठेवून संजू शेवटच्या बाकावर जाऊन बसली. पुढं सत्रभर ती तिथंच बसली.

निकाल लागला. सुवर्णा वर्गात पहिली आली आणि संजूचा कॅल्क्युलसचा पेपर राहिला. ज्या गावानं आधी आईला हसून घेतलं होतं, त्यानं आता लेकीचा नंबर लावला. माय पास, लेक नापास, असं तर रामरावांच्या गिऱ्हाइकांनी त्यांच्या तोंडावर म्हटलं.

तेवढ्यात दुसरबीडचं स्थळ आलं. मुलगा सागर, रस्त्यावर त्याचं टायरचं दुकान. संजूनं विचारल्याबरोबर होकार दिला.

"काऊन हो म्हणलं?" सुवर्णानं तिला स्वयंपाकघरात गाठलं. "तुले शिकाचं होतं ना?"

"तिथं मले कोणी तुह्यासंग मोजणार नाही."

सुवर्णा म्हणाली, "मी सोडतो कॉलेज. उद्यापासून नाही येत. तू जाय."

"अन् मंग मले कोण जाऊ देईन, मम्मी?"

सुवर्णानं परात पुढं ओढली आणि कणीक मळायला घेतली.

लग्नापर्यंत दोघी कॉलेजात जात राहिल्या. मे महिन्यात लग्न झालं. जूनमध्ये दुसऱ्या सत्राची परीक्षा होती. पहिल्या पेपरच्या सकाळी सुवर्णा साडी बदलून, डबा भरून निघाली, तर रामराव दारातच होते.

"कुठं चालली?"

"पेपर हाय माहा."

ते रागावले नाहीत. त्यांना खरंच नवल वाटलं. "आता कशाले? पोरीची सोबत म्हणून जात होती ना तू?"

"आता माह्यासाठी जातो."

"अवं, बाजारात जाय ना एकटी, मी अडवतो का? पोट्ट्यायच्या वर्गात एकटी बाई बसलेली बरी दिसते का? संजू होती तोवर माय पोरीसंग जाते म्हणत होते लोक. आता काय म्हणतीन? तुले सोबत कोण हाय?"

"मंग तुमी चाला."

"पेरणीच्या दिवसात दुकान कोण पाहीन?"

आजवर लेकीच्या सोबतीची काळजी सगळ्यांनी केली. हिलाही सोबत लागेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, तिच्याही नाही. तिनं संजूला फोन लावला.

"एक दिवस येतं का व? तू पेपर नोको देऊ. नुसती गेटवर बस."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. मग संजू हळूच म्हणाली, "मम्मी, इथं इचारा लागते." आणि आणखी हळू, "इचारू का?"

त्या आवाजात भीती होती. लग्नाला महिना झालेल्या पोरीनं माहेरी जाऊ का म्हणून विचारायचं, तेही आईच्या परीक्षेसाठी! ती भीती सुवर्णाच्या जुन्या ओळखीची होती.

"नोको इचारू, बेटा," ती म्हणाली. "मी सहज म्हणलं."

फोन ठेवून तिनं पेपरसाठी भरलेला डबा परत ओट्यावर ठेवला आणि ती तिथंच टेकून रडायला लागली, अगदी मोठ्यानं. दुकानात निघालेले रामराव परत आत आले आणि त्यांनी पाण्याचा गिलास पुढं केला.

"लेक सासरी गेली का मायचं असंच होते," ते मायेनं म्हणाले. "रड, मोकळं वाटते."

"हाव," सुवर्णा म्हणाली, आणि पाणी प्यायली.