बॉयलरखालचे चार खांब

सूनबाईने वीजकेंद्रासाठी आखलेला बॉयलर वरून टांगलेला असणार, हे ऐकल्यापासून सासरेबुवांना चैन नव्हती. सासरेबुवा म्हणजे बांधकामाचे ठेकेदार; त्याच वीजकेंद्राच्या पायाचं काम त्यांच्याकडे होतं. आयुष्यभर त्यांनी जे उभं केलं ते जमिनीवर टेकवून उभं केलं. आणि ही पोरगी पाच मजली लोखंडी धूड वरच्या तुळयांना सळयांनी अडकवते आणि खाली मोकळं सोडते! धुणं आहे का ते वाळत घालायला?

"बाबा, त्या तुळया तेवढ्यासाठीच आहेत," सूनबाई जेवताना सांगायची. "सगळा हिशेब केलाय."

"हिशेब कागदावर गं. पडणार तो बॉयलर!"

बाकी सुनेवर त्यांचा भारी जीव. मुलाशी त्यांचं दोन वाक्यांच्या पुढे जमायचं नाही, सुनेशी मात्र सिमेंटपासून राजकारणापर्यंत गप्पा. तिचा हा पहिलाच बॉयलर. तो कोसळला तर तिचं नाव जाईल, आणि ती खाली असली तर... पुढचा विचार ते करतच नसत. उठून पाणी प्यायचे.

शेवटी सुट्टीचे दिवस साधून त्यांनी गवंडी लावले आणि बॉयलरच्या बुडाखाली चार खांब चढवले. चांगले जाडजूड, काँक्रीटचे, बुडाला घट्ट भिडवलेले. वर गिलावा, त्यावर राखाडी रंग. कुणाला सांगायचंच नाही, म्हणजे कळणारच नाही, हा त्यांचा शहाणपणा! हत्तीच्या पायाएवढे खांब, आणि म्हणे कळणार नाही!

सुट्टी संपली. सूनबाई हेल्मेट घालून आली आणि खांबांपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबा, हे काय?"

"असू देत गं. तुझं काही खातात का ते?"

"खातात! बॉयलर तापला की लांबतो. वरून धरलाय, म्हणजे खालीच उतरणार, चांगला चार बोटं. खाली जागाच नसली तर तो तुमच्या खांबांवर अडेल, वरच्या सळया सैल पडतील आणि नळ्या फाटतील. मग मात्र माझं नाव खरंच जाईल."

भर उन्हात लोखंडी फाटक अडकून बसतं, हे सासरेबुवांना ठाऊक नव्हतं थोडंच? डोक्याला पटलं, पोटाला पटेना. तरी पहिला घण त्यांनीच घातला. उरलेलं फोडताना मात्र गवंड्यांवर सारखे खेकसत होते, "सावकाश रे! वर काय आहे दिसत नाही का?"

मग पाणी भरायचा दिवस आला. एरवी बॉयलरमध्ये बरीच जागा वाफेची असते. चाचणीला मात्र कानाकोपरा पाण्याने भरतात, त्यामुळे त्या दिवशी तो सगळ्यात जड. आणि नेमकी तेव्हाच सूनबाई बुडाखाली जाऊन उभी राहिली. वजनाने बूड किती खाली येतंय, ते तिला मोजपट्टीवर बघायचं होतं.

"बाहेर ये आधी! दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांग!"

"हिशेब माझा आहे, बाबा. दुसऱ्याला कसं उभं करू?"

पंप सुरू झाला. वर कुठेतरी लोखंड कुरकुरलं. "जाऊ दे खड्ड्यात!" म्हणत सासरेबुवांनी, कुणी खाली जाऊ नये म्हणून आडवी बांधलेली दोरी ओलांडली, सुनेशेजारी पाय फाकवून उभे राहिले आणि दोन्ही तळवे वर करून बॉयलरचं बूड धरलं.

फिटर हसले, क्रेनवाला हसला, मोठे साहेबसुद्धा तोंड फिरवून हसले. साठी उलटलेला माणूस शेकडो टनांना हात लावून उभा!

"दात काय काढताय?" सासरेबुवा ओरडले. मग हळूच म्हणाले, "सूनबाई, तू आकडे बघ. मी धरलंय."

सूनबाईला आकडे धड दिसेनात. तिने बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा मोजपट्टीकडे पाहिलं.

"घट्ट धरा हं, बाबा," ती म्हणाली.