रिकाम्या खोलीची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. शाळेच्या जिन्याखालच्या खोलीवर मी सहा वर्षं होते. माझ्यावर लिहिलं आहे, ‘समुपदेशन कक्ष’. मुलांचं मन जड झालं तर त्यांना कुणाशी तरी बोलता यावं, म्हणून सरकारनं शाळाशाळांतून अशा खोल्या काढायला सांगितल्या होत्या. रंगाऱ्यानं मला पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले, निळी अक्षरं काढली आणि मोठ्या साहेबांनी दारावरची फीत कापली. टाळ्या ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पाटी आली, पण समुपदेशक बाई काही आल्या नाहीत. त्यांची जागा ‘लवकरच भरणार’ होती. मग खेळाच्या सरांनी खोलीत चेंडू, दोऱ्या आणि फाटक्या चटया भरल्या. तपासणीच्या दिवशी मला ओल्या फडक्यानं पुसत, चटयांवर चादर टाकत आणि पुढे दोन खुर्च्या मांडत. साहेब मला वाचूनच खूश होऊन जात. नाव मोठं, लक्षण खोटं म्हणतात ना, ते मीच.

त्यात माझं नाव मुलांच्या जिभेवर बसेना. त्यांनी त्याचं ‘उपदेश खोली’ करून टाकलं. शिक्षकांनीही तेच उचललं. कुणी दंगा केला की, “थांब, तुला उपदेश खोलीतच धाडतो!” कान उपटायला खेळाचे सर तिथे असतच. खोटं कशाला बोलू, आपला दरारा पाहून मला बरंही वाटायचं. आज ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

सातवीतल्या एका मुलीची आई वारली. मुलगी वर्गात बोलेनाशी झाली, डबा न उघडताच परत नेऊ लागली. मधल्या सुट्टीत ती तीन दिवस माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला अक्षर न् अक्षर वाचायची आणि परत जायची. चौथ्या दिवशी तिनं दार वाजवलं.

सरांनी दार उघडलं. माणूस वाईट नव्हता, पण सवयच तशी पडलेली. “काय गं, काय केलंस?”

“काही नाही, सर.”

“मग इथे कशाला? पळ वर्गात!”

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेतच आली नाही.

दोन महिन्यांनी समुपदेशक बाई खरंच रुजू झाल्या. शिपाई मावशींनी त्यांना सगळं सांगितलं आणि दोघी मुलीच्या घरी जाऊन आल्या. मावशी माझ्यासमोरच मुख्याध्यापकांना सांगत होत्या, “बाई नुसतं म्हणाल्या हो, मी त्या खोलीतली. तर पोरगी बापाच्या मागे लपली. म्हणते, मी खरंच काही केलं नाही, मला नेऊ नका.”

बाईंनी त्याच दिवशी मला उतरवलं. बरंच केलं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलं कुणी साहेबही होईल. तेव्हा आधी खोलीत माणूस बसवा, पाटी मग लावा. बाई दर शनिवारी त्या मुलीकडे जातात. ती अजून दार उघडत नाही, आतूनच ‘हो’, ‘नाही’ म्हणते. ते दार माझ्यामुळे बंद आहे.