आधी खुर्ची

स्थलांतर

हा शब्द त्यांच्या तोंडात छान बसायचा. पुनर्वसन खात्याच्या गाडीत उभं राहून, भोंगा तोंडाशी धरून ते गल्लीला सांगायचे, "नागरिकहो, आपलं स्थलांतर करण्यात येत आहे." कोण करतंय, ते सांगायचं नाही. ऊन पडतं, तसं स्थलांतर होतं. धरणासाठी, रस्त्यासाठी, कधी नुसतंच. लोक त्यांना भोंगेवाले म्हणत, तोंडावर साहेब. निवृत्त झाले, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. चहा मागितला तरी सून आतून ओरडे, "बाबा, मी इथंच आहे. गल्ली रिकामी करायची नाहीये!"

आज ती ओरडली नाही. बॅग भरत होती.

हवापालट

"बदल म्हणून चला," मुलगा म्हणाला. "चार दिवस हवापालट. बाग आहे, तुमच्या वयाची माणसं आहेत, डॉक्टर दारात."

"वृद्धाश्रम म्हण की."

"तिथं तसं कुणी म्हणत नाही, बाबा. निवास म्हणतात."

"शहाणे आहेत. मीही तेच म्हटलं असतं."

तात्पुरतं

हा तर त्यांचाच शोध. नवे अधिकारी भाबडे. खरं सांगून बसायचे, आणि लोक दाराच्या कड्यासुद्धा उचकटून न्यायचे. भोंगेवाल्यांनी शिकवलं, तात्पुरतं म्हणा. मग माणसं कपाट ठेवतात, शिवणयंत्र ठेवतात, कुलूप घालून किल्ली तेवढी कनवटीला लावतात. गल्ली एका खेपेत मोकळी. पुढे दार राहत नाही; किल्ली राहते.

काठी टेकत त्यांनी बॅगेत डोकावलं. बाहेर ऐन उन्हाळा. सदऱ्यांखाली स्वेटर, कानटोपी. त्याखाली टॉवेलात गुंडाळलेला बायकोचा फोटो.

"सूनबाई, चार दिवसांत बर्फ पडणार आहे का?"

तिनं नवऱ्याकडे बघितलं. "असू द्या हो. लागलं तर."

"तात्पुरत्याला फोटो नेत नाहीत. काढून ठेव."

तिनं काढला नाही. चेन ओढायला मात्र तिला वेळ लागला.

"मी खुर्ची गाडीत ठेवून येतो," मुलगा म्हणाला. "तुम्हाला तिथंही हीच लागेल." खिडकीपाशी ठेवलेली वेताची खुर्ची डोक्यावर घेऊन तो जिना उतरला.

रिकामं करणं

आधी म्हाताऱ्याची खुर्ची. भोंगेवाल्यांचा पहिला नियम. प्रत्येक घरात सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची एक बसायची जागा असते. खुर्ची, बाज, काहीही. ती अदबीनं गाडीत नेऊन ठेवायची आणि म्हाताऱ्याच्या हातात चहा द्यायचा. म्हातारं खुर्चीमागं जातं, घर म्हाताऱ्यामागं. लाठी नको, शिवी नको. हेच त्यांनी एकदा जेवताना मुलाला हसत हसत सांगितलं होतं, "माणसाला ढकलायचं नसतं रे, त्याची बसायची जागा हलवायची." पोरगं तेव्हा ठसका लागेपर्यंत हसलं होतं.

फरशीवर खुर्चीच्या चार पायांचे चार डाग उरले होते. सून कप घेऊन आली.

"चहासुद्धा!" भोंगेवाले म्हणाले. "वा रे पठ्ठ्या. एकही गोष्ट विसरला नाही."

ठिय्या

त्यांचा नियम एकदाच फसला होता. एका रंगाऱ्याची आई. खुर्ची गेली, तर बाई खुशाल जमिनीवर बसली. शेवटी खात्याच्या माणसांनी उचलली. तिचा मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता. पण त्यानं हात लावला नव्हता.

त्यांनी कप खिडकीत ठेवला, काठी भिंतीला लावली आणि त्या चार डागांच्या मधोमध ते बसले. गुडघे कडकडले. कित्येक वर्षांत ते खाली बसले नव्हते.

मुलगा वर आला. "हे काय? उठा, बाबा. शेजारी काय म्हणतील?"

"काही म्हणत नाहीत. बघतात आणि दार लावतात. मला विचार."

"तुमच्या पाया पडतो."

"पाया पडून माणूस उठत नसतो. काखेत हात घालावा लागतो. तू काखेत, ती पायांशी. मान सांभाळा, नाहीतर डोकं चौकटीला आपटतं."

सांगून झालं आणि ते वाट बघत राहिले. भिंत समोरच होती. पोरानं नुसतं तिकडं तोंड केलं असतं, तरी त्यांना पुरलं असतं.

काखेत हात आला. गरम, घामेजलेला, अगदी जिथं घालायला हवा तिथं.

उचलबांगडी

मग त्यांनी स्वतःहून उठायचा प्रयत्न केला. निदान आपल्या पायांनी. गुडघ्यांनी साफ नकार दिला.

"उचल," ते म्हणाले.

जिन्याच्या वळणावर शेजारीणबाईंनी दार उघडलं. "अगबाई! कुठं निघाली स्वारी?"

"हवापालट, काकू," मुलगा धापा टाकत म्हणाला. "तात्पुरतं."

शब्द त्याच्याही तोंडात छान बसला.

"मोठ्यानं म्हण," सुनेच्या हातातले पाय सावरत भोंगेवाले म्हणाले. "वरच्या मजल्याला ऐकू गेलं नाही."