पलीकडची गिऱ्हाइकं

रेल्वेच्या ऑफिसात तिला सगळे चौकशीबाई म्हणत. रुळांच्या कामासाठी शनिवार-रविवार गाड्या बंद राहणार असल्या, की स्टेशनाजवळच्या दुकानदारांना आधी गाठायचं, त्यांची अडचण विचारायची आणि जमेल तशी वाट काढून द्यायची, हे तिचं काम. बाकीचे पत्रक हातात ठेवून पुढे सटकत. हिचा पाय प्रत्येक दुकानात अडकायचा.

या वेळी तो अडकला कपडे दुरुस्तीच्या दुकानात. दुकान नणंद-भावजयीचं. भावजय मशीनवर, मान खाली. नणंद गल्ल्यावर, आणि तोंडाने सगळीकडे.

"हा शनिवार-रविवार सोडून पुढचे दोन शनिवार-रविवार गाड्या नाहीत," चौकशीबाईने सांगितलं.

"म्हणजे आमचा धंदा बसला," नणंद म्हणाली. "शनिवारीच लोक कपडे न्यायला येतात. गाडी नाही तर काय उडत येतील?"

"सगळे गाडीनेच येतात?"

"स्टेशनच्या दारातून बाहेर पडताना दिसतात की. मी काय डोळे मिटून बसते?"

"पण येतात कुठून, विचारलंय कधी?"

"कोट कुठे उसवलाय ते आम्ही विचारतो, बाई. माणूस कुठून आला ते नाही."

भावजयीने मशीन थांबवलं. "खरंच वन्सं, कुठून येत असतील?"

चौकशीबाईला राहवेना. येत्या शनिवारी, गाड्या चालू असतानाच, ती दुकानात खुर्ची टाकून बसली आणि येईल त्याला विचारू लागली, "आज कसे आलात?" पहिला म्हणाला, चालत. दुसरीही चालतच. मुलीचा कोट न्यायला आलेले गृहस्थ म्हणाले, "आम्ही रुळांच्या पलीकडे राहतो. स्टेशनच्या पुलावरून येतो." दुपारपर्यंत गाडीने आलेला एकच माणूस सापडला, आणि तोही चुकीच्या स्टेशनावर उतरलेला.

"मग बरंच झालं," नणंद म्हणाली. "गाड्या राहू देत बंद."

चौकशीबाईचा चेहरा मात्र उतरला. गाड्यांबरोबर पूलही बंद राहणार होता. रस्त्याने यायचं तर अर्ध्या शहराला वळसा.

"आता पूल काय आम्ही शिवून द्यायचा?" नणंदेने विचारलं.

चौकशीबाई कामावरच्या इंजिनिअरकडे गेली. त्याने तिला पुलाखाली नेऊन वर बोट दाखवलं. "इथून क्रेन रूळ उचलणार. वरून माणसं चालत असली तर माझ्या जिवाला घोर." त्याचं खरं होतं. तिने हट्ट धरला नाही, पण विचारलं, "पलीकडे काय आहे हो?"

"घरं आहेत. एक वाचनालय आहे. मी कधी गेलो नाही."

ती गेली. ग्रंथपालाने कपडे द्यायला-घ्यायला दोन्ही शनिवारी सकाळपुरतं एक टेबल द्यायचं कबूल केलं. चौकशीबाईने दुकानात पाटी लावली, पण पाटीपेक्षा नणंदेच्या तोंडाने बातमी लवकर पोचली.

"जाणार कोण? मी गल्ला सोडणार नाही," नणंद म्हणाली. राहिली भावजय. लग्न होऊन आल्यापासून तिने रूळ ओलांडले नव्हते. पलीकडे जायचं कारणच कधी पडलं नव्हतं.

शनिवारी ऑफिसच्या गाडीने तिला आणि गाठोड्यांना वळशाने पोचवलं. लोक येऊन आपापले कपडे घेऊन गेले. मग दोन काठ्या टेकत एक आजी टेबलापाशी आल्या. "पलीकडची शिवणारी ती तूच का? शेजारीण फार सांगते. मला जिने चढवत नाहीत गं." त्या घरी गेल्या आणि टाचण्यांनी कसाबसा धरून ठेवलेला कोट घेऊन आल्या. त्यांच्यामागून गुडघेदुखीवाले आले, कडेवर बाळ असलेल्या आया आल्या.

काम आटोपल्यावर भावजय गल्लीत जरा फिरली. एका खिडकीपाशी तिची पावलं थांबली. पडद्याची दुमड तिच्याच हातची होती. ती इतका वेळ बघत राहिली, की आतून एका बाईने खिडकी उघडली.

"काय हवंय?"

"काही नाही. टाका ओळखीचा वाटला."

बाईने तिला घरात बोलावलं. पडदा आतून कसा दिसतो, हे भावजयीने पहिल्यांदाच पाहिलं. दुकानातून तो नुसता घडी घालून जायचा. इथे त्यातून ऊन झिरपून येत होतं आणि त्याखाली कुणीतरी अभ्यासाला बसलं होतं.

ती परतली तेव्हा नेलं त्याहून मोठं गाठोडं तिच्याबरोबर होतं. आजींचा कोट, पडदेवालीचं घर, एवढं तिने गाठोडं सोडताना सांगितलं.

"काय आहे तिकडे?" नणंदेने जेवताना सहज विचारल्यासारखं केलं.

"घरं."

"ते कळलं. पडदेवाली कोण निघाली? कोटवाल्यांची मुलगी दिसली का? आणि त्या आजी एकट्याच राहतात?"

भावजय सांगत राहिली. ताटातलं निवून गेलं तरी नणंदेचे प्रश्न संपेनात.

पुढच्या शनिवारी गाठोडी बांधून नणंद आधीच दारात उभी होती.

"वन्सं, तुम्ही तर गल्ला सोडणार नव्हता."

"गल्ला काय पळून जातोय?" ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

पूल उघडला, नव्या रुळांवरून गाड्या धावू लागल्या. ज्यांना जिने चढवत नाहीत त्यांच्यासाठी दोघींनी वाचनालयातलं टेबल महिन्यातून एकदा मागून घेतलं. एरवी कधी एकमेकींना दुखावून न बोलणाऱ्या नणंद-भावजया, त्या दिवशी पलीकडे कोणी जायचं, यावरून मात्र दर महिन्याला भांडतात.