डोक्यावर उभी राहिलेली ओळ

पेंटरचा सगळा धंदा एका लंगड्या खुर्चीवर चालला होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा तो. पण हृदय कमजोर झाल्यापासून एक अक्षर काढलं की धाप लागायची. मग खुर्चीत बसायचं, दम खायचा, आणि दम येईपर्यंत करायला दुसरं काही नाही म्हणून पाटीकडे बघत राहायचं. मग पुढचं अक्षर. रात्री तीन उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचा आणि पाय इतके सुजायचे की चपलेचा पट्टा बक्कलापर्यंत पोचायचाच नाही.

शेवटी डॉक्टरांनी डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढं एक यंत्र बसवलं. हृदयाच्या दोन बाजू आपापल्या तालात चालल्यात, हे त्यांना एका ठेक्यात आणेल, असं त्यांनी समजावून सांगितलं.

"चला, यांच्या दोन बाजूंचं एकदाचं एकमत झालं," पेंटरची बायको डॉक्टरांच्या तोंडावर म्हणाली.

यंत्राने काम चोख केलं. चपलेचा पट्टा लागला. तीन उशांची एक झाली आणि उरलेल्या दोन बायकोने लगेच जप्त केल्या. डॉक्टरांनी फक्त एक बजावलं होतं: काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, आतल्या तारा हलतील. आता पेंटर पक्का डावखुरा. उजव्या हाताने त्याला चहासुद्धा धड ढवळता येत नसे.

बायकोची अट वेगळीच होती. एक पाटी करून बघा, म्हणाली. धाप लागली तर ब्रश कायमचे गुंडाळायचे आणि घरी बसायचं. नाही लागली तर मी परत विषय काढणार नाही. घरी बसायचं म्हणजे काय ते पेंटरने ऑपरेशननंतर चांगलंच भोगलं होतं. बायको त्याला वाटाणे सोलायला बसवायची, आणि वर त्यातही चुका काढायची.

पहिली पाटी आली चष्मेवाल्याची. माणसापेक्षा उंच, भिंतीला टेकवलेली. वर मोठ्या अक्षरांत 'इथे स्वच्छ दिसेल' आणि खाली 'डोळे तपासून चष्मा मिळेल'. खालची ओळ खांद्याच्या आत बसत होती, ती दुकानाच्या पोऱ्यांसमोर झटक्यात झाली. वरच्या ओळीला हात पोचेना. पेंटरने डोकं लढवलं आणि पोऱ्यांकडून पाटीच उलटी करून घेतली. वरची बाजू आली खाली. आता अक्षरंही उलटी काढायची, म्हणजे पाटी टांगली की सरळ दिसणार. त्यात काय मोठं? उलट्या अक्षरांवर त्याने तरुणपणी पैजा मारल्या होत्या.

पण झालं असं, की त्याने पहिलं अक्षर काढलं, सवयीने मागे सरकला, बुडाने खुर्ची चाचपली, आणि त्याच्या लक्षात आलं की बसायची गरजच नाही. दम शाबूत होता. त्याने दुसरं अक्षर काढलं. तरी शाबूत. तिसऱ्याला तो शिट्टी वाजवायला लागला. ब्रश आणि शिट्टी दोन्हींना पुरेल एवढा श्वास त्याच्याकडे कित्येक वर्षांत नव्हता. खुर्चीत रंगाचे डबे बसले होते आणि पेंटर आख्खी ओळ एका दमात खाली उतरवत होता.

शेवटचं अक्षर संपतंय तोच हॉस्पिटलातून फोन आला. यंत्राबद्दल आपण समाधानी आहात का, असं एक गोड आवाज विचारत होता. पेंटर पाटीकडे पाठ करून बोलायला लागला तो थांबेचना. पूर्वी एका अक्षराला एक खुर्ची लागायची, म्हणाला, आज एका ओळीला शून्य. खुर्चीचा पर्याय आमच्याकडे नाही, बाई म्हणाल्या, दहापैकी किती ते सांगा. अकरा, म्हणाला. अकराचाही पर्याय नव्हता. मग त्याने उदारपणे एक सोडून दिला. फोन ठेवून त्याच तंद्रीत पाटीवर चादर टाकली आणि शिट्टी वाजवत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी पोऱ्यांनी चादरीसकट पाटी दुकानावर चढवली. पेंटरची बायकोही बघायला आली होती. चष्मेवाल्याने ऐटीत चादर ओढली.

खालची ओळ सरळ होती. वरची डोक्यावर उभी होती.

चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. ओळ हलली नाही. पेंटरला मात्र एका क्षणात कळलं. शिट्टीच्या नादात त्याने उलट्या पाटीवर सरळ अक्षरं काढली होती. बसला असता तर बघितलं असतं. पण बसतंय कोण?

त्याने चोरून बायकोकडे बघितलं. आता हिला ब्रश गुंडाळायला आयतं कारण मिळालं. ती बराच वेळ मान वाकडी करून पाटी वाचत होती.

"धाप लागली होती का?" तिने विचारलं.

"नाही गं. लागली असती तर पाटी सरळ आली असती."

बायकोने पदर तोंडाला लावला. आधी ती हसत होती, मग डोळे पुसायला लागली, मग पुन्हा हसायला लागली. "अट धापेची होती," ती म्हणाली. "ब्रश तुमचे."

चष्मेवाला मात्र अजून हसण्याच्या मनःस्थितीत नव्हता. तो तोंड उघडणार एवढ्यात रस्त्यावरचा एक गृहस्थ थांबला. त्याने पाटी वाचली, डोळे चोळले, पुन्हा वाचली आणि घाबराघुबरा होऊन दुकानात शिरून आत्ताच्या आत्ता डोळे तपासा म्हणाला. त्याच्या मागून एक बाई आल्या. पेंटर अगदी शरमून म्हणाला, हात मोकळा झाला की लगेच दुरुस्त करून देतो. चष्मेवाल्याला एकदम त्याच्या तब्येतीची काळजी वाटायला लागली. घाई करू नका हो, म्हणाला, हृदयाचा मामला आहे, पूर्ण विश्रांती घ्या.

संध्याकाळी बायकोने खुर्चीच्या लंगड्या पायाला पाचर ठोकली आणि ती नव्या पाटीसमोर आणून ठेवली. दर अक्षरानंतर बसायचं, असा हुकूम निघाला. दम लागत नाही आता मला, पेंटर कुरकुरला. दम खायला नाही, बघायला, असं उत्तर आलं.

त्याने एक अक्षर काढलं आणि बसला. पाय सुजलेले नव्हते, श्वास जागच्या जागी होता, अक्षर सरळ होतं. करण्यासारखं काहीच नव्हतं. तो नुसता बसून राहिला, तृप्त, आणि नकळत शिट्टी वाजवायला लागला.

"शिट्टी बंद," आतून आवाज आला. "आधी बघा."